खुलासा छापून आला म्हणजे मिटलं का? चुकीच्या बातमीचे पैसे मागायची रीत

मी बारा वर्षं एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर काढली, उपसंपादक म्हणून, आणि आता एका वकिलांच्या ऑफिसात कागद बघायचं काम करतो. म्हणजे आधी चुका करणाऱ्यांच्या बाजूला होतो, आता निस्तरणाऱ्यांच्या. त्यामुळे ओळखीत कुणाबद्दल काही चुकीचं छापून आलं की फोन मला, आणि प्रश्न ठरलेला, "दादा, यांच्यावर केस ठोकली तर पैसे मिळतात का?"

मिळतात. पण कसे मिळतात ते नीट समजून घ्या, कारण बहुतेक लोक पहिल्या आठवड्यातच स्वतःची केस स्वतः घालवून बसतात. चूक झाली म्हणून कोर्ट पैसे देतं असं नाही, तुम्ही चूक दाखवून दिल्यावर समोरचा कसा वागला त्यावर आकडा खूप हलतो. म्हणून तुमचं सगळं काम हे की "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" असं म्हणायची सोय त्यांना ठेवायची नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. १० सप्टेंबर २००८ ला टाइम्स नाऊ चॅनेलवर गाझियाबादच्या प्रॉव्हिडंट फंड घोटाळ्याची बातमी चालू होती, त्यात एका वेगळ्याच न्यायमूर्तींचं नाव होतं आणि फोटो दाखवला न्या. पी. बी. सावंतांचा. नावं जरा सारखी, कुणीतरी घाईत फाइल फोटो उचलला, झालं. फोटो पडद्यावर होता साधारण १५ सेकंद. सावंत म्हणजे सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती, वर प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष, म्हणजे नेमका चुकीचा माणूस निवडला असं म्हणायला हरकत नाही. कळवल्यावर फोटो बंद झाला पण माफी काही लगेच आली नाही, त्यांचं लेखी पत्र गेलं, आणखी दिवस गेले, मग पट्टी लागली. एप्रिल २०११ मध्ये पुण्याच्या कोर्टाने १०० कोटी भरपाई द्यायला सांगितली. चॅनेल अपिलात गेलं तेव्हा मुंबई हायकोर्ट म्हणालं आधी २० कोटी रोख भरा आणि ८० कोटींची बँक गॅरंटी द्या, सुप्रीम कोर्टानेही त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यात हात घातला नाही.

आता लगेच कॅल्क्युलेटर काढू नका. तो आकडा भारतात अपवाद आहे आणि बऱ्याच कायदेवाल्यांना तो तेव्हाही अति वाटला होता, मलाही वाटतो. पण त्या केसमधून शिकायचं ते आकड्याचं नाही. फोन केला तो कधी, पत्र गेलं तो दिवस कुठला, माफी आली ती तारीख कुठली, हे सगळं कागदावर होतं, ते शिकायचं.

कात्री लावू नका

अगदी पहिली गोष्ट. पेपरमध्ये बातमी आली की लोक काय करतात, कात्री घेतात, बातमी कापतात, प्लास्टिकच्या पिशवीत घालतात आणि अंक रद्दीत. मग माझ्याकडे चार बोटांचं कात्रण येतं आणि त्यावर ना पेपरचं नाव ना तारीख ना पान नंबर ना आवृत्ती. ते सगळं पानाच्या वरच्या पट्टीत असतं आणि ती पट्टी गेली रद्दीवाल्याकडे.

पूर्ण अंक ठेवा. दोन-तीन प्रती घ्या. आणि आवृत्ती बघा, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं पण एकाच दिवशी एकाच पेपरच्या डाक आवृत्तीत (बाहेरगावी जाणारी, आधी छापलेली) आणि सिटीत (शहरासाठी उशिरा छापलेली) बातमी वेगळी असू शकते, रात्री उशिरा कुणीतरी फोन करून ओरडतं आणि शेवटच्या आवृत्तीत मथळा मवाळ होतो, मग दुसऱ्या दिवशी ते लोक तोच मवाळ अंक दाखवून म्हणतात आम्ही तर असं काही लिहिलंच नाही. गावाकडच्या नातेवाइकाला सांगून तिकडचा अंक पण मागवा. ई-पेपरचं पान त्याच दिवशी डाउनलोड करून ठेवा, ते नंतर गुपचूप बदलता येतं, मी बदलताना पाहिलंय.

वेबसाइटची बातमी असेल तर नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. लिंक पूर्ण दिसली पाहिजे, तारीख-वेळ दिसली पाहिजे, पान पीडीएफ करून ठेवा, आणि वेबॅक मशिनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणारी साइट) ते पान सेव्ह करा म्हणजे उद्या त्यांनी उडवलं तरी बाहेर एक प्रत राहते. त्यांच्या फेसबुक पेजवरची पोस्ट, यूट्यूबवरची क्लिप, त्याखालच्या कमेंट्स, किती शेअर झालं तो आकडा, हे सगळं वेगवेगळं पकडा. टीव्हीची बातमी असेल तर सेट-टॉप बॉक्सवर रेकॉर्ड करा, नाही जमलं तर मोबाइलने टीव्हीचं शूटिंग करा, कसंही चालेल, फक्त चॅनेलचा लोगो आणि घड्याळ फ्रेममध्ये ठेवा. चॅनेलने ९० दिवसांचं रेकॉर्डिंग जपून ठेवायचं असतं, म्हणून पहिल्याच पत्रात एक ओळ टाकायची की अमुक तारखेचं अमुक वेळेचं रेकॉर्डिंग नष्ट करू नये. नंतर नष्ट झालं तर त्याचं उत्तर त्यांना द्यायला लागतं.

ज्या मोबाइलवर हे घेतलं तो मोबाइल विकू नका आणि रिसेट मारू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली सर्टिफिकेट लागतं, जुन्या पुरावा कायद्यात ६५-बी म्हणायचे तेच, पण आता त्यात दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा आणि एक तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या बोटांच्या ठशासारखा एक कोड, लिहावी लागते. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून इकडून तिकडे फिरवलीत की ती कॉम्प्रेस होते आणि हॅश बदलते. मूळ फाइल मूळ जागी राहू दे, वकिलाला पेन ड्राइव्हवर कॉपी द्या.

बातमी खोटी आहे की फक्त झोंबतेय?

हे कडू आहे पण आधीच बोललेलं बरं. बातमी खरी असेल तर दिवाणी दाव्यात विषय संपला, खरेपणा हा पूर्ण बचाव आहे. फौजदारीत खरं असून शिवाय लोकहितासाठी होतं असं दाखवावं लागतं, तेवढा फरक.

तुमच्यावर खरंच गुन्हा दाखल झाला असेल आणि पेपरने "पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार गुन्हा दाखल" एवढंच लिहिलं असेल तर तुम्ही पुढे निर्दोष सुटलात तरी ती बातमी त्या दिवशी खोटी नव्हती. कोर्टात जे झालं त्याचं प्रामाणिक वार्तांकन केलं असेल तर त्यालाही संरक्षण आहे. पण "आरोपी" च्या जागी "भामटा" लिहिलं, "चौकशी" च्या जागी "अटक" लिहिलं, तुमच्या नावाच्या दुसऱ्याच माणसाची बातमी तुमच्या फोटोसकट छापली, आतल्या मजकुरात काहीच नसताना मथळ्यात मात्र थेट ठपका ठेवला, इथे जागा आहे. मथळ्यात प्रश्नचिन्ह टाकलं की सुटलो असं डेस्कवर बऱ्याच जणांना वाटतं, मलाही वाटायचं. तसं काही नाही. पूर्ण बातमी वाचून साधारण माणसाच्या मनात काय ठसतं ते कोर्ट बघतं.

मत आणि माहिती वेगळी करा. अग्रलेखात तुमच्या संस्थेचा कारभार भोंगळ म्हटलं, ते मत झालं, पचवा. संस्थेने अमुक लाख हडपले म्हटलं, ती माहिती झाली, ती खोटी असेल तर पकडा.

आणखी एक, वाचणाऱ्याला ओळखू आलं पाहिजे की हे तुमच्याबद्दल आहे. नाव नसलं तरी चालतं, "कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपाशेजारचा डॉक्टर" म्हटलं आणि तिथे एकच डॉक्टर आहे तर झालं. पण "सगळे बिल्डर चोर" म्हटलं म्हणून एका बिल्डरने उठून दावा लावला तर तो टिकत नाही.

एक कागद घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे बातमीतलं वाक्य जसंच्या तसं, उजवीकडे खरं काय आणि त्याला पुरावा कुठला. जिथे उजवी बाजू रिकामी राहते ते वाक्य सोडून द्या, त्याच्यावर भांडू नका. हाच कागद पुढे नोटिशीत, तक्रारीत आणि दाव्यात कामाला येतो, कारण दाव्यात बदनामीकारक शब्द जसेच्या तसे द्यावे लागतात, "माझ्याबद्दल वाईट छापलं" एवढ्यावर काही होत नाही.

पकडायचं कुणाला?

लोक बातमीदारावर चिडतात. बातमीदार बिचारा बऱ्याचदा तालुक्याचा स्ट्रिंगर असतो, बातमीमागे पैसे मिळणारा, त्याच्याकडून तुम्हाला काय मिळणार आहे. त्याला दाव्यात पक्षकार करा, पण पैसे मालक कंपनीकडे असतात.

पेपरच्या शेवटच्या पानावर सगळ्यात खाली मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ असते, "मालक अमुक यांच्याकरिता मुद्रक व प्रकाशक तमुक यांनी अमुक ठिकाणी छापून तमुक ठिकाणी प्रसिद्ध केले, संपादक अमुक", आणि संपादकाच्या नावापुढे फुली किंवा चांदणी मारून बारीक टीप की बातम्यांच्या निवडीची जबाबदारी यांची. ती ओळ भिंगातून वाचा. अंकावर जे मोठं नाव छापलेलं असतं ते टायटल असतं, कंपनी नाही. कंपनीचं नाव या ओळीत सापडतं, आणि पत्ता कंपनी मंत्रालयाच्या वेबसाइटवर. १ मार्च २०२४ पासून पेपरच्या नोंदणीच्या १८६७ च्या जुन्या पीआरबी कायद्याच्या जागी नवीन प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ पिरियॉडिकल्स कायदा आलाय, पण मालक-प्रकाशक-संपादक शोधायची जागा तीच, शेवटचं पान, शेवटची ओळ.

चॅनेल असेल तर वेबसाइटच्या तळाशी तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतो. गल्लीतलं यूट्यूब "न्यूज चॅनेल" असेल तर मात्र जरा अवघड आहे, मागे कंपनी नसते, एक मोबाइल आणि एक माइक असतो. तिथे यूट्यूबकडे तक्रार करून व्हिडिओ उतरवायचा प्रयत्न करा, पण यूट्यूबकडून पैसे काढायच्या नादाला लागू नका, प्लॅटफॉर्मला कायद्याचं कवच आहे.

पहिलं पत्र, आणि ते तुम्हीच लिहा

वकिलाची नोटीस लगेच पाठवू नका असं मी सांगतो, यावर आमच्या ऑफिसातही वाद आहेत. माझं म्हणणं असं की नोटीस आली की डेस्कवर ती कुणी वाचत पण नाही, सरळ लीगलकडे जाते आणि लीगलचा पहिला सल्ला असतो काही कबूल करू नका. साधं पत्र आलं तर संपादक वाचतो. आणि प्रेस कौन्सिलकडे जायचं असेल तर आधी संपादकाला लिहिलेलं पत्र लागतंच.

पत्र एक पानी. शिव्या नाहीत, "तुम्हाला दाखवतो" नाही, पैशाचा आकडाही नाही. असं काहीतरी:

"आपल्या दैनिकाच्या दि. अमुकच्या अंकात, अमुक आवृत्तीत, पान ५ वर 'अमुक' या मथळ्याखाली प्रसिद्ध झालेल्या बातमीत माझ्या दुकानावर छापा पडून माल जप्त झाल्याचे म्हटले आहे. हे असत्य आहे. माझ्या दुकानावर कोणताही छापा पडलेला नाही. संबंधित कार्यालयाचे पत्र सोबत जोडले आहे. बातमी देण्यापूर्वी माझ्याशी संपर्क साधण्यात आला नाही. त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे दुरुस्ती व दिलगिरी प्रसिद्ध करावी आणि संकेतस्थळावरील व समाजमाध्यमांवरील मजकूर दुरुस्त करावा, ही विनंती. पत्राचे उत्तर ७ दिवसांत मिळावे."

ईमेलने पाठवा आणि स्पीड पोस्टनेही, पावती जपा. ऑफिसात जाऊन देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, चहा घेऊन परत येऊ नका. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. एकदा रात्री पावणेबाराला पान सोडायच्या गडबडीत मीच एका फसवणुकीच्या बातमीत भलत्याच माणसाचा फाइल फोटो लावला होता. दुसऱ्या दिवशी तो माणूस आईला घेऊन ऑफिसात आला. आमच्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बसवलं, चहा पाजला, "अहो चुकून झालं, उद्या टाकतो खुलासा" म्हणाले. खुलासा आला तिसऱ्या दिवशी, पान ७ वर, टेंडर नोटिशीच्या खाली, तीन ओळी, आणि त्यात फोटो कुणाचा होता हेसुद्धा नव्हतं. त्या माणसाकडे आपण आलो होतो याचा एक कागद नव्हता. फोटो पहिल्या पानावर होता.

फोनवर बोलणं झालंच तर लगेच एक ईमेल टाका, "आत्ता तुमच्या अमुक यांच्याशी बोललो, ते असं म्हणाले". त्यांनी उत्तर दिलं नाही तरी चालेल.

प्रेस कौन्सिल वगैरे: पैसे नाहीत, पण कागद मिळतो

पेपरसाठी प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया, दिल्लीत बसते, १९७८ च्या कायद्याखाली. दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर बातमी छापल्यापासून २ महिन्यांत तक्रार, इतर नियतकालिक असेल तर ४ महिने. फी नाही, वकील लागत नाही. सोबत मूळ बातमी, मराठी असेल तर भाषांतर, संपादकाला लिहिलेलं पत्र आणि उत्तर आलं असेल तर ते, आणि या विषयावर कोर्टात काही चालू नाही असं लिहून द्यायचं. कौन्सिल ताकीद देऊ शकते, ताशेरे मारू शकते, दंड मात्र एक रुपयाचा नाही. दात नाहीत असं लोक म्हणतात ते बरोबर आहे, पण कौन्सिलने एकदा लिहून दिलं की बातमी पडताळणी न करता छापली, तर समोरच्या वकिलाला ते उडवून लावणं जड जातं.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात लोक पडतात. कोर्टात केस गेली की कौन्सिल त्यात लक्ष घालत नाही, आणि कौन्सिलचा निकाल लागेपर्यंत थांबलात तर कोर्टाची मुदत निघून जाते. मुदत फक्त १ वर्ष आहे, त्याचं पुढे सांगतो. कौन्सिलकडे लगेच जा, कॅलेंडरवर नववा महिना लाल पेनाने गोल करा, तोपर्यंत काही झालं नाही तर दाव्याच्या तयारीला लागा.

टीव्हीसाठी तीन पायऱ्या आहेत, २०२१ च्या केबल नियमांप्रमाणे. आधी चॅनेल, त्यांनी १५ दिवसांत निकाल द्यायचा, मग चॅनेल ज्या संघटनेत आहे तिची स्वनियमन संस्था, मग केंद्र सरकार. पहिली तक्रार प्रक्षेपणानंतर सात दिवसांच्या आतच टाका, उगाच उशिराचं निमित्त देऊ नका. बऱ्याच मोठ्या न्यूज चॅनेलची स्वनियमन संस्था म्हणजे एनबीडीएसए (न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स अथॉरिटी), पण सगळी चॅनेल तिच्यात नाहीत, तुमचं चॅनेल कुठे आहे ते बघून घ्या. ही संस्था माफी दाखवायला लावते आणि दंडही करते. २०१७ मध्ये शास्त्रज्ञ-कवी गौहर रझांच्या तक्रारीवर झी न्यूजला १ लाख दंड आणि माफी, २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूतच्या नावावर खोटी ट्वीट दाखवली म्हणून आजतकला १ लाख आणि माफी. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टच म्हणालं की १ लाखाने कुणाला काय फरक पडतो. आणि हो, तो दंड संघटनेच्या खात्यात जातो, तुमच्या नाही. तुमचा फायदा माफीचा आणि आदेशाच्या प्रतीचा.

वेब पोर्टलला २०२१ च्या आयटी नियमांत अशाच तीन पायऱ्या ठेवल्या होत्या, पण पत्रकार निखिल वागळे आणि एका पोर्टलच्या याचिकांवर मुंबई हायकोर्टाने १४ ऑगस्ट २०२१ ला त्यातल्या मुख्य भागाला स्थगिती दिली. सरकारच्या हातात बातमीची दोरी जाऊ नये म्हणून ते बरंच झालं असं मला वाटतं, पण तुमच्यापुरतं काय, तर पोर्टलच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल टाका, तारखेचा पुरावा म्हणून, आणि वरच्या पायऱ्यांच्या भरवशावर बसू नका.

कोर्ट: दिवाणी की फौजदारी

पोलीस स्टेशनला जाऊन काही होत नाही, बदनामी अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाने सांगितल्याशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. फौजदारी म्हणजे भारतीय न्याय संहिता कलम ३५६, जुनं ४९९-५००, तुम्ही मॅजिस्ट्रेटकडे खाजगी तक्रार करायची, शिक्षा २ वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. यात तुम्हाला भरपाई म्हणून हातात काही येईल हे विसरा. संपादकाला तारखांना उभं करायचं समाधान मिळतं, आणि त्या तारखांना तुम्हालाही उभं राहावं लागतं. मला हा मार्ग आवडत नाही, लिहिणाऱ्याला तुरुंगाची भीती घालून बातमी सुधारत नाही, आणि उद्या तोच मार्ग एखादा पुढारी तुमच्या गावच्या प्रामाणिक बातमीदारावर वापरतो.

पैसे दिवाणीत. बदनामीच्या भरपाईचा दावा प्रसिद्धीपासून १ वर्षाच्या आत, मुदत कायदा १९६३. ऑनलाइन बातमी रोज दिसते म्हणून मुदत रोज नवीन सुरू होते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, दिल्ली हायकोर्टाने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की पहिल्यांदा टाकली तो दिवस धरायचा. नोटीस पाठवल्याने मुदत थांबत नाही. पत्रव्यवहार चालू आहे, साहेब "बघतो" म्हणतायत, यानेही थांबत नाही.

दावा कुठे, तर जिथे तुमची बदनामी झाली तिथे लावता येतो. पेपर मुंबईचा असला तरी तुम्ही सांगलीचे, अंक सांगलीत खपला, ओळखीच्यांनी सांगलीत वाचला, तर सांगलीत. मुंबईत असाल तर १० कोटींपर्यंत सिटी सिव्हिल कोर्ट, त्याच्या वर हायकोर्ट.

बातमीवर लगेच स्टे मिळेल ही आशा कमी ठेवा. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने बजावलंय की पूर्ण सुनावणीआधी मजकूर काढायला लावणं हे फार अपवादानेच करायचं.

आकडा

लोक दहा कोटीपासून सुरुवात करतात. कोर्ट फी दाव्याच्या रकमेवर असते, महाराष्ट्रात कमाल १० लाखांपर्यंत, आणि ती आधी भरायची असते. म्हणून ज्या रकमेमागे कागद आहे ती मागा.

ओळखीच्या एका डेअरीवाल्यांचं सांगतो, सातारा बाजूचे. भेसळीच्या दुधाच्या बातमीत एका पेपरने चुकून यांच्या डेअरीचं नाव छापलं, खरी डेअरी वेगळी, आडनाव तेच. ते आले तेव्हा म्हणत होते अब्रूचे ५० लाख. मी म्हटलं अब्रूचं नंतर बघू, आधी वही काढा. लाल बाइंडिंगची वही, रोज सकाळी कुठल्या हॉटेलला आणि सोसायटीला किती लिटर गेलं ते लिहिलेलं. बातमी आली त्या सोमवारपासून दोन हॉटेलांपुढे रेघ होती, आणि एकाच्या मालकाने व्हॉट्सअ‍ॅपवर बातमीचा फोटो पाठवून खाली लिहिलं होतं "सध्या नको". तो एक मेसेज पन्नास लाखांच्या भाषणापेक्षा भारी. मग आधीचे सहा महिने आणि नंतरचे सहा महिने बँक स्टेटमेंट, जीएसटीची किंवा आयकराची कागदं, सीएचं एक पत्र. हे झालं प्रत्यक्ष नुकसान. त्यावर मानसिक त्रास आणि नावाला लागलेला डाग यासाठी वेगळी रक्कम, ती कोर्ट आपल्या अंदाजाने ठरवतं, आणि तिथेच पेपर किती खपतो, बातमी कुठल्या पानावर, तुम्हाला आधी विचारलं होतं का, कळवल्यावर काय केलं, हे सगळं मोजलं जातं. नोकरदार असाल तर वही नसते, पण एचआरचा मेल असतो, मोडलेल्या सोयरिकीचे मेसेज असतात, दोन-तीन माणसं असतात जी साक्षीत सांगतील की बातमी वाचून आम्हाला असं वाटलं. ती माणसं घरातली नसावीत.

वेळेचं पण ऐका. मेजर जनरल अहलुवालिया यांच्यावर तहलकाने २००१ मध्ये संरक्षण सौद्यात लाच घेतल्याची बातमी केली. दिल्ली हायकोर्टाने जुलै २०२३ मध्ये २ कोटींची भरपाई दिली आणि म्हणालं की आता माफी मागून काय उपयोग. बावीस वर्षं. त्यातही बातमी दाखवणारं झी सुटलं, आणि निकालावर पुढे अपील झालंच. अमेरिकेत फॉक्स न्यूजने मतदान यंत्राच्या कंपनीला २०२३ मध्ये ७८ कोटी ७५ लाख डॉलर मोजले ते खटला उभा राहता राहता तडजोड करून, आपल्याकडे तशी घाई समोरच्याला नसते.

वय झालेल्या माणसाने दावा लावताना एक माहीत असू द्या, बदनामीचा हक्क माणसाबरोबर जातो. निकाल लागायच्या आधी दावा लावणारा गेला तर मुलांना तो पुढे चालवता येत नाही. निकाल त्याच्या बाजूने लागला आणि मग समोरचे अपिलात असताना तो गेला तर वारस लढू शकतात. ऐकायला क्रूर आहे, पण म्हणूनच ऐंशीच्या आजोबांना मी सरळ तडजोडीचं सांगतो.

तडजोड लिहिताना

बरीचशी प्रकरणं इथेच संपतात, आणि संपावीत. दाव्याची नोटीस आणि तुमची फाइल जाडजूड दिसली की बोलणं सुरू होतं. डेअरीवाल्यांचंही तसंच मिटलं, वहीतल्या दोन हॉटेलांच्या आसपासची रक्कम आणि वर वकिलाची फी. पण पहिला मसुदा पेपरकडून आला त्यात होतं "योग्य ठिकाणी खुलासा प्रसिद्ध करण्यात येईल". योग्य ठिकाण म्हणजे पान ७, टेंडर नोटिशीखाली, हे मला माहीत होतं.

आम्ही ते खोडून पान नंबर लिहिला, कॉलम किती ते लिहिलं, मथळ्यात डेअरीचं नाव आणि "दिलगिरी" हा शब्द लिहिला, आणि मजकूर अक्षरशः तडजोडीलाच जोडला, एक शब्द बदलायचा नाही म्हणून. सगळ्या आवृत्त्या. वेबसाइटवर जुन्या बातमीची लिंक उडवायची नाही, त्याच लिंकवर वर दुरुस्ती टाकायची, कारण गुगलवर तीच लिंक वर येते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या मेसेजमध्येही तीच आहे, ती उडाली तर बघणाऱ्याला नुसतं कोरं पान दिसतं आणि तो मनात जुनंच धरून बसतो. फेसबुकवर जिथे बातमी टाकली होती तिथेच दुरुस्ती, पिन करून ३० दिवस. चेक आधी, दावा मागे घ्यायची पुरशिस (कोर्टात द्यायचा लेखी अर्ज) नंतर. आणि गप्प बसायची अट त्यांनी घातली होती ती अर्धी काढून टाकली, रक्कम सांगायची नाही हे ठीक, पण बातमी चुकीची होती हे गिऱ्हाइकाला सांगता आलं पाहिजे, नाहीतर दूध परत सुरू कसं होणार.

दिलगिरी बुधवारी आली, पान ३. डेअरीवाल्यांनी पंचवीस अंक विकत घेतले आणि रतिबाबरोबर वाटले.